अंगठा नको, पाय दाखवा

उभे राहा. भिंतीला टेकू नका, सरळ उभे राहा. कुणाकुणाचे बूट नवे आहेत ते दिसतंय मला. मे महिन्यात घेतलेले असणार, कारण तळव्यांना अजून माती लागलेली नाही. बुटांचं कौतुक नंतर करू. आधी ही वही बघा. परीक्षा संपल्यापासून शाळा सुरू होईपर्यंतची हजेरी आहे. यातली नावं माझ्या अक्षरात आहेत आणि नावांपुढच्या रिकाम्या चौकटी हे तुमचं कर्तृत्व आहे.

वेळापत्रक मी लादलं नव्हतं. मार्चमध्ये याच व्हरांड्यात बसून सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. परीक्षेनंतर दोन आठवडे पूर्ण विश्रांती. ती मीच सांगितली, कारण शरीराला तीही लागते. त्यानंतर आठवड्यातले चार दिवस, सकाळी सहा ते साडेसात. ऊन चढायच्या आत तुम्ही घरी. कुणाला अडचण आहे का, म्हणून विचारलं, तर एक हात वर आला नाही. आदल्या रात्री ग्रुपवर मेसेज टाकला की खाली अंगठ्यांची रांग लागायची. वीस-बावीस अंगठे. सकाळी मैदानावर माणसं सात. कधी पाच. एके दिवशी तर गोलकीपर आणि मी, दोघंच. एवढे अंगठे घेऊन मी काय करू? फुटबॉल पायांनी खेळतात.

आला नाहीत याचा राग आहेच. त्याहून जास्त राग 'येतो' म्हणून न येण्याचा आहे. ज्यानं 'सर, मला जमणार नाही' असं तोंडावर सांगितलं, त्याच्याशी माझं भांडण नाही. तो निदान खरं बोलला. तुम्ही मात्र रात्री दहाला अंगठा दाखवलात आणि सकाळी सहाला पाठ. याला दांडी म्हणायचीसुद्धा माझी तयारी नाही. दांडी मारणाऱ्याला निदान आपण चुकवतोय एवढी तरी जाणीव असते.

बरं, फुटबॉल नकोसा झाला होता म्हणावं, तर तसंही नाही. एप्रिल-मेच्या रखरखत्या उन्हात शाहू स्टेडियमच्या गॅलरीत दुपारपासून जागा धरून कोण बसलं होतं? पाटाकडील तालीम आणि शिवाजी मंडळाची मॅच म्हटली की जर्सी घालून, घसा बसेपर्यंत कोण ओरडत होतं? तेव्हा ऊन लागलं नाही, डोकं दुखलं नाही, क्लास आडवा आला नाही. कोल्हापूरच्या पोराला फुटबॉलचं वेड शिकवावं लागत नाही, ते पेठेत आयतंच मिळतं. पण वेड गॅलरीत बसूनही करता येतं, त्याला घाम लागत नाही. गॅलरीतून 'पळ की लेका!' म्हणून शिव्या घालणं सोपं आहे. सत्तराव्या मिनिटाला पाय का जड होतात, हे स्वतःच्या पायांवरून कळलं असतं, तर तोंड जरा कमी चाललं असतं.

आणि मॅच सुटल्यावर कट्ट्यावरची तुमची चर्चा मी ऐकलीय. पेठेतले संघ परराज्यातले, परदेशातले खेळाडू पैसे मोजून आणतात, स्थानिक पोरांना संधी मिळत नाही, अन्याय आहे वगैरे वगैरे. संधी सकाळी सहाला मैदानावर उभी होती, बाळांनो. स्थानिक पोरं झोपली होती.

आता तुमच्या सबबी घेतो. एकेक घेतो, म्हणजे कुणाला आपली राहिली असं वाटायला नको.

पहिली सबब ऊन. सकाळी सहाला कोल्हापुरात कुठलं ऊन असतं, हे मला दाखवा. रंकाळ्यावर त्या वेळी सत्तरीतले आजोबा दोन फेऱ्या मारून घरी निघालेले असतात.

दुसरी, क्लास. दहावीच्या दोघांचा क्लास सातला होता. त्या दोघांनी मार्चमध्येच येऊन सांगितलं. त्यांना मी संध्याकाळची वेळ दिली आणि ते आले. तुमचे क्लास आठला, नऊला. साडेसातला सुटून आंघोळ करून, नाष्टा करून पोचता येतं. अभ्यासाच्या आड फुटबॉल येतो, असं घरी सांगणारे तुम्ही, त्या वेळात अभ्यास करत होता का, हे एकदा आईला खरं खरं सांगा.

तिसरी, 'गावाला गेलो होतो सर.' जा की. मामाचं गाव आहे, लग्नसराई आहे, आंबे आहेत. आठ दिवस गेलात तर मी विचारणारही नाही. पण दोन महिने कुठलं लग्न चालतं? आणि त्या गावात रस्ता नव्हता का? चढ नव्हता का? जाण्याआधी एकानं तरी विचारलं का, 'सर, तिथं काय करू?' एका कागदावर लिहून दिलं असतं मी.

चौथी, 'सर, मी घरी करत होतो.' काय करत होतास? पुढे ये आणि सांग. किती वेळा, किती अंतर, किती वेळात? बघा, गप्प झाला. जो खरोखर करतो त्याला आकडे तोंडपाठ असतात.

पाचवी सबब जरा नव्या जमान्याची आहे. 'सर, आम्ही रात्री टर्फवर खेळतो.' टर्फ वाईट नाही. पाय चालतात, पहिला स्पर्श सुधारतो, मजा येते. पण टर्फवर पाच-सहा जण, चारी बाजूंनी जाळी, चेंडू बाहेर जातच नाही. आपलं मैदान शंभर मीटरच्या आसपास लांब. तिथं विंगरचा चेंडू गेला की चाळीस मीटर माघारी पळावं लागतं, तेही तोंडाला फेस आलेला असताना. टर्फवर ऑफसाइड नाही, लांबचा क्रॉस नाही, उंच चेंडूवरचं हेडर नाही. वर प्रत्येकी पैसे काढून तुम्ही ते खेळता आणि फुकटच्या मैदानावर येत नाही. सहावी सबब जिमची. ती मी दंडांकडे बघून ओळखली. आरशात दिसणारे स्नायू फुगवलेत. धावताना लागणारे मांडीच्या मागचे स्नायू आरशात दिसत नाहीत, म्हणून ते तसेच राहिले.

आता नीट ऐका, कारण हे रागाचं नाही, शरीरशास्त्राचं आहे. कमावलेला दम शरीर तुमच्यासाठी सांभाळून ठेवत नाही. सराव बंद केला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातला द्रव भाग कमी व्हायला लागतो. मग हृदयाच्या एका ठोक्यात पूर्वीपेक्षा कमी रक्त पुढे जातं आणि तेवढ्याच धावण्याला ठोके जास्त पडतात. दोन ते चार आठवड्यांत ही घसरण पायांना कळते. ताकद त्यापेक्षा थोडी जास्त टिकते, आणि म्हणूनच तुम्ही फसता. पहिली पाच मिनिटं वाटतं, मी आहे तसाच आहे. पंधराव्या मिनिटाला कळतं की दम गेलाय.

त्यात तुमचं वय. चौदा ते सोळा या वयात काही पोरांची उंची वर्षाला आठ-दहा सेंटीमीटर वाढते. हाड आधी लांब होतं, स्नायू आणि कंडरा मागून येतात. गुडघ्याखाली हाडावर दुखतं, गाठ येते, ती तुमच्यातल्या तिघांना आलीय. अशा वाढत्या शरीरावर भार हळूहळू चढवायचा असतो, आठवड्यामागून आठवडे. त्यासाठीच तर एप्रिल आणि मे होते. तुम्ही दोन महिने गादीवर काढले आणि आता पंधरा दिवसांत सगळं पाहिजे. तहान लागली, आणा कुदळ. मग मांडी धरली, घोटा मुरगळला की घरून फोन येतो, 'सर, तुम्ही पोराला फार पळवलं.'

फिफानं फुटबॉलपटूंसाठी 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्मअप तयार केलाय. वीस मिनिटांचा. धावणं, ताकद, तोल, उडी मारून नीट उतरणं. नॉर्वेत तेरा ते सतरा वयाच्या मुलींच्या संघांवर त्याचा मोठा अभ्यास झाला, २००८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तो वॉर्मअप करणाऱ्या संघांत दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी निघाल्या. त्यातली पुढची गोष्ट तुमच्यासाठी आहे. ज्या मुलींनी तो जास्त नियमित केला, त्यांना अधूनमधून करणाऱ्यांपेक्षा दुखापती कमी झाल्या. व्यायाम तोच, मिनिटं तेवढीच. फरक हजेरीचा.

त्यातलाच एक व्यायाम सांगतो. गुडघ्यावर उभं राहायचं आणि अंग ताठ ठेवून हळूहळू पुढे झुकायचं. मांडीच्या मागच्या स्नायूंसाठी याच्यासारखा व्यायाम नाही. पण तो मैदानावर एकट्याला करता येत नाही. मागून कुणीतरी दोन्ही घोटे घट्ट धरून ठेवावे लागतात. तू आला नाहीस, तेव्हा तुझ्या जोडीदाराचे घोटे कोण धरणार होतं? तुझी दांडी तुझ्या पायाला महाग पडलीच, त्याच्याही पायाला पडली.

माझं मुख्य म्हणणं इथंच आहे. तुम्हाला वाटतं हजेरी ही तुमची खाजगी बाब आहे. आलो तर माझा फायदा, नाही आलो तर माझा तोटा, सरांचं काय जातं? सरांचं काही जात नाही. पण चार बचावपटूंनी एका रेषेत पुढे सरकायचं आणि समोरच्याला ऑफसाइडमध्ये पकडायचं, हे दोघांत कसं शिकवू? चौघांतला एक जरी अर्ध पाऊल मागे राहिला, तरी सापळा त्याच्यामुळे फुटतो आणि गोल गोलकीपरच्या नावावर लागतो. कॉर्नरला पहिल्या खांबाशी कोण धावणार, दुसऱ्याशी कोण, हे फळ्यावर खडूनं शिकता येत नाही. शंभर वेळा करावं लागतं, त्याच माणसांनी करावं लागतं. संघाच्या यादीत नाव घालणं म्हणजे बाकीच्या दहा जणांना शब्द देणं. तुम्ही झोपलात तेव्हा तुमची झोप त्या दहा जणांच्या खात्यातून गेली.

आता आपल्या स्पर्धेचा हिशेब बघा. शालेय स्पर्धा बाद पद्धतीची असते. पेठेतल्या संघाला लीगमध्ये एक मॅच हरली तर पुढची असते. तुम्हाला नसते. पावसात, चिखलात, लागोपाठच्या दिवसांत सामने, आणि एक हरलं की वर्ष संपलं. शाळांचा सुब्रतो चषक १९६० पासून चाललाय, त्यासाठी दिल्लीला जायचं स्वप्न दरवर्षी तुम्ही याच व्हरांड्यात मला सांगता. तिथला रस्ता महापालिका पातळीच्या पहिल्या चिखलातून जातो आणि शाळा सुरू झाल्यावर त्याला फार दिवस नसतात. जूनमध्ये दम कमवायला सुरुवात केलेला संघ त्या चिखलात शेवटची दहा मिनिटं उभा राहतो, पळत नाही.

शेवटची मिनिटं काय करतात, ते सांगतो. २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. आपला संघ दिल्लीत खेळला, ६, ९ आणि १२ ऑक्टोबरला. आठवडाभरात तीन सामने. त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. रिक्षा चालवणाऱ्या बापाचा मुलगा, लहान वयात घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेलेला. ती सगळी पोरं तुमच्याच वयाची. महिनोन्‌महिने शिबिरांत घाम गाळलेली. तरी तिसऱ्या सामन्यात घानानं शेवटचे दोन गोल ८६ व्या आणि ८७ व्या मिनिटाला केले, आणि निकाल ०-४ झाला. एवढी तयारी करूनसुद्धा शेवटच्या पाच मिनिटांत हे होतं. मग तयारीच्या नावानं ज्यांनी अंगठे दाखवले, त्यांचं काय होईल, ते तुम्हीच सांगा. अनिकेतची पोस्टर तुमच्या खोल्यांत आहेत. पोस्टरमधला माणूस सकाळी कितीला उठायचा, याची चौकशी कुणी केली का?

सुनील छेत्री भारताकडून पहिल्यांदा खेळला २००५ मध्ये, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावरही खेळत होता. दोन वेळा गोल मारणं नशिबानं जमतं. वीस वर्षं टिकणं नशिबानं जमत नाही. ते जमतं स्टेडियम रिकामं असतानाच्या दिवसांवर. लांब कशाला, आपल्या गंगावेस तालमीत जा, मोतीबाग तालमीत जा. पावसाळ्यात जत्रांची कुस्तीमैदानं थांबतात. म्हणून मल्ल काय पांघरूण घेऊन पडतो का? पहाटे चारला जोर-बैठका चालू असतात. ज्या गावात ही परंपरा आहे, त्या गावची पोरं तुम्ही. 'जगात भारी' म्हणून मोटारसायकलच्या मागे लिहून फिरता. जग सहाला उठतं, भारी लोक साडेनऊला.

आता ज्यांना वाटतंय हे बाकीच्यांना चाललंय, त्यांच्याकडे वळतो. स्ट्रायकर, तू. तुझ्या पायात कला आहे, ते मी मान्य करतो, सगळी शाळा मान्य करते. आणि नेमकं तिथंच तुझं घोडं अडलंय. गेल्या वर्षी तू न येता खेळलास, गोल केलेस, म्हणून यंदाही चालेल असं तू धरून चाललास. नव्वद मिनिटांत चेंडू एका खेळाडूच्या पायाशी जेमतेम दोन-तीन मिनिटं असतो. तुझी कला त्या दोन-तीन मिनिटांची. उरलेल्या वेळात तू काय करतोस? कमरेवर हात ठेवून उभा असतोस आणि तुझ्या वाटचं पळणं मिडफिल्डर करतो. त्याला तू कधी विचारलंस का, बाबा, तू दमतोस का?

आणि कॅप्टन. तुझ्याबद्दल मला सगळ्यात कमी बोलायचंय, कारण तुला सगळ्यात जास्त कळतं. दंडावर पट्टा बांधला म्हणजे नाणेफेकीला पुढे जायचं आणि फोटोत मधे बसायचं, एवढंच काम नसतं. तू आला नाहीस, तेव्हा बाकीच्यांना परवानगी मिळाली. तुझ्या एका गैरहजेरीनं माझ्या वहीत दहा चौकटी रिकाम्या केल्या.

पालकांनाही हे सांगायचं आहे, घरी जाऊन शब्द न् शब्द सांगा. क्रीडा ग्रेस गुणांचे फॉर्म आले की शाळेत गर्दी होते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हेही सगळ्यांना पाठ आहे. प्रमाणपत्राच्या वेळी येणारे पालक एप्रिलमध्ये एकदा येऊन पोरगं मैदानावर आहे की अंथरुणात, एवढं बघून गेले असते, तर मला ही वही उघडावी लागली नसती. खेळानं मुलाचं नुकसान होतं, असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल नाव काढून घ्यावं. मला वाईट वाटणार नाही. नाव यादीत ठेवायचं आणि मुलगा घरी ठेवून घ्यायचा, हे चालणार नाही.

घरची ओढाताण असणारे पोरगे माझ्या वर्गात आहेत, मला माहीत आहे. एकजण पहाटे पेपर टाकून मैदानावर यायचा, सव्वासहाला पोचायचा, आणि उशिराबद्दल माफी मागायचा. मी त्याला सांगितलं, तू माफी मागू नकोस, ती मागायचा हक्क दुसऱ्यांचा आहे. त्याचं नाव तुमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नाही, कारण गेल्या वर्षी तो बाकावर होता.

आता पुढचं ऐका. मी तुम्हाला शिक्षा म्हणून मैदानाच्या फेऱ्या मारायला लावणार नाही. धावणं शिक्षा म्हणून दिलं, तर तुम्ही धावण्यालाच शिक्षा समजाल, आणि निम्मे तसे समजतातच. पहिल्या सामन्याची यादी या वहीतून निघेल. जो उन्हाळाभर आला, त्याचं नाव आधी. जे आले नाहीत, त्यांना संघ बंद नाही. उद्यापासून नियमानं आले, अंगात दम दिसला, तर नाव येईल. मागच्या गोलांवर येणार नाही. खरी अडचण असेल तर आदल्या दिवशी येऊन तोंडानं सांगायची. ताप असेल तर घरीच राहायचं, ताप अंगावर काढून येणं हाही मूर्खपणा आहे. ग्रुपवरचा अंगठा आजपासून हजेरीत धरला जाणार नाही. आणि ज्याला फुटबॉल फक्त बघायलाच आवडतो, त्यानं मोकळेपणानं तसं सांगावं. प्रेक्षक असणं हा गुन्हा नाही. प्रेक्षकानं खेळाडूची जर्सी अडवून ठेवणं हा गुन्हा आहे.

कुणाला काही बोलायचंय? नाही? मग मार्चमध्येही असेच गप्प होतात, हे लक्षात ठेवा. त्या वेळी गप्प बसणं म्हणजे होकार होता. या वेळीही मी तो होकारच धरतोय, आणि आता तो वहीत लिहून ठेवतोय.

चला, बॅगा कट्ट्यावर. आज वॉर्मअप मी घेणार नाही. जे उन्हाळाभर आले ते सात जण पुढे उभे राहतील, त्यांना क्रम पाठ आहे. पेपरवाला सगळ्यात पुढे. बाकीच्यांनी त्यांच्या मागे जोड्या लावायच्या. स्ट्रायकर, तुझी जोडी गोलकीपरशी. गुडघे टेकून मांडीचा व्यायाम आधी तो करेल, त्याचे घोटे तू धरायचे. घट्ट धर, सुटता कामा नयेत. मग तुझी पाळी. कॅप्टन, तू शेवटच्या रांगेत. चला, सुरू करा.